रिकामं पेडल

टेम्पोतून उतरवला तेव्हा गिअरबॉक्सच्या पोटात
अजून लाल तेल होतं, जळकट वासाचं.
तळोज्याच्या भंगारवाल्याने वजनावर दिला,
वर सांगितलं, क्राऊनचा आहे शेठ, वकिलातीची गाडी होती.
असेल.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, माझ्या शेडमध्ये
वकिलात आणि रिक्षा एकाच व्हाइसमध्ये धरतात.

इंजिन नाखवांचं. प्लिमथ, पंचावन्न सालची,
सहा सिलिंडर एका ओळीत.
चेंदणीच्या बंदरावर कुणाच्या बुडीत उधारीपोटी
त्यांच्या वडिलांच्या पदरात पडलेली.
मागच्या वर्षी साखरेने नाखवांचा डावा पाय नेला,
गुडघ्याखालून.
क्लच दाबायला आता कोणी नाही, म्हणाले,
कोणी गावाला गेल्यासारखं.

गेल्या सालच्या कॅलेंडरचं पान
इंजिनच्या पाठीला लावलं,
ग्रीसचा अंगठा काठावरून फिरवला.
सहा भोकं उमटली. एक संकष्टीवर,
एक बायकोने लिहिलेल्या दुधाच्या खाड्यावर.
दुसऱ्या पानावर बॉक्सचं तोंड घेतलं. आठ.
दोन्ही पानं ट्यूबलाइटसमोर धरली.
एकावर एक, एकही येईना.

सर्वेश म्हणाला, काका, पत्रिका जमत नाही.
म्हटलं, पत्रिकेत पत्रा घालता येत नाही रे.
इथे येतो.

बावीस मिलिमीटरची प्लेट, अॅल्युमिनियमची.
इकडून सहा, तिकडून आठ,
कोणी कोणासाठी सरकायचं नाही,
सगळं सरकणं तिने सोसायचं.
कन्व्हर्टरचं नाक क्रँकच्या खोबणीत
सूतभर हलत होतं. बुश केलं, पितळेचं.
पहिलं घट्ट.
दुसरं बोलण्याच्या नादात सैल.
तिसऱ्याला मी रेडिओ बंद केला.
डायलचा काटा पाच थाउ, मग चार,
रात्री साडेनऊला दोन.
केसाहून कमी. तिथे सोडलं.
शून्य मला या धंद्यात कधी दिसलेलं नाही.
ज्यांना दिसलं, त्यांच्या गाड्या माझ्याकडे
दोरीला बांधून आल्या.

मग पेडलं. तिनाची दोन करायची.
क्लचचं काढून बाकावर ठेवलं.
रबर झिजून मधे खळगा,
एका माणसाच्या चवड्याचा.
नाखवा कुबड्या दाराला टेकवून बघत होते.
ते राहू दे, भालू.
म्हटलं, आता त्याच्यामागे काहीच नाही.
माहितीये. पण पाय अजून जातो.

कुठला, ते मी विचारलं नाही.

परत लावलं. मागे दांडी नाही, प्लेट नाही,
नुसती एक स्प्रिंग, माझ्या हाताने गुंडाळलेली,
वेटोळं वेटोळं कापत
जुन्या क्लचइतकी जड केलेली.
बिलात धरली नाही.
कोणत्या नावाने लिहिणार?

रविवारी पहाटे कोलशेतच्या रस्त्याला काढली.
मी शेजारी, कान तळपत्र्याकडे.
पहिल्यावरून दुसऱ्यावर गेला, जरा हिसका देऊन.
किकडाउनची केबल अर्धी फेरी ओढायला हवी,
मी मनात टिपलं.
उजवा पाय शांत.
डावीकडे पँटची घडी, तिला सेफ्टी पिन.
आणि इंजिनचा आवाज चढत चढत
तिसरा मागायला लागला, तेव्हा
बॉक्सच्या जरा आधी
ती घडी उचलली गेली, पुढे झाली,
थांबली,
मागे आली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
खाडीकडून वारा होता, चिखलाच्या वासाचा.

शेडमध्ये आल्यावर फरशीवर दोन थेंब, लाल.
प्लेटच्या डाव्या कोपऱ्यातून.
सील बदलायला लागेल, मी म्हटलं.
बदलू, ते म्हणाले.
लगेच उतरले नाहीत.